काचेच्या कपाटातली काथवट

“गळलीस तर बघ! तुझी नि माझी, दोघांचीही लाज जाईल.”

माझ्या आयुष्यात मी ऐकलेला हा पहिला आवाज. तो होता एका म्हाताऱ्या सुताराचा. त्याच्या तोंडात दोन-तीनच दात उरले होते, त्यामुळे प्रत्येक शब्दाबरोबर थोडी हवाही बाहेर यायची. त्याने मला काठोकाठ पाण्याने भरलं, माझ्याखाली कोरडी राख पसरली आणि समोर पाट टाकून बसला. सकाळ गेली, दुपार गेली. राखेवर एक थेंब पडला नाही. तेव्हा कुठे तो कंबरेवर हात ठेवून उठला आणि म्हणाला, “जा आता. कुणाच्या बापाला भिऊ नकोस.”

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे, पसरट लाकडी भांडं. आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुतेक वेळा रडतात, हे मला ठाऊक आहे. मी रडणार नाही. पाणी आत घेणं हा माझा धंदा आहे, बाहेर सोडणं नव्हे. आणि माझी कीव कराल तर याद राखा.

मी सरूच्या लाकडाची. झाड डोंगराच्या सावलीच्या अंगाला वाढलेलं, म्हणून हळू वाढलेलं, म्हणून दाट. सुताराने त्याच्या अठरा फळ्या काढल्या, एकीला एक बिलगून उभ्या केल्या, तळाला गोल पाट बसवला आणि बाहेरून तांब्याच्या दोन पट्ट्या ठोकल्या. डिंक नाही, खिळा नाही. ओली झाले की माझ्या फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. कोरडी पडले की त्या आक्रसतात आणि एकमेकींचे हात सोडतात. एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

मला नेलं एका तरुण आचाऱ्याने. नुकतंच त्याने स्वतःचं दुकान थाटलं होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात लाकडाचा एक लांब ओटा, ओट्याच्या अलीकडे आठ खुर्च्या आणि पलीकडे तो. पदार्थांची यादी नव्हती. भिंतीवरच्या पाटीवर दोनच शब्द होते : ‘आचाऱ्याची मर्जी’. म्हणजे तुम्ही यायचं, बसायचं. आज बाजारात काय चांगलं मिळालं, आधी काय द्यायचं, नंतर काय द्यायचं, कधी थांबायचं, हे सगळं त्याने ठरवायचं. भाताचा बोटभर घास, त्यावर माशाची पातळ चकती. याला सुशी म्हणतात. एकेक घास तो हाताने वळायचा आणि तुमच्यासमोर ठेवायचा. आख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणू लागली.

लोक माशाकडे बघायचे. माशाचा रंग, माशाची चरबी, माशाची चकाकी. वा मास्तर, काय मासा आहे! भाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मी ओट्याच्या आड, ओल्या फडक्याखाली भात सांभाळत बसलेली असायची आणि मनात म्हणायची, खा लेको. मासा समुद्राने केला. भात आम्ही केला.

आमचं काम असं चालायचं. सकाळी मास्तर मला पाण्याने भरून ठेवत. तासाभराने पाणी ओतून, पुसून, माझ्यात डोकं घालत आणि डोळे मिटून लांब श्वास घेत. कालच्या भाताचा आंबूस वास राहिलाय का, कुठे कुबट तर येत नाही ना, हे बघायची ती रीत. मला साबण कधी लागला नाही, नुसतं कढत पाणी. त्यामुळे नाक हाच आमचा पहारेकरी. “ठीक आहे,” असं ते म्हणाले की दिवस सुरू. मग वाफाळता भात माझ्यात पडे. त्यावर मीठ-साखर विरघळवलेलं व्हिनेगर भातवाढीवरून शिंपडायचं आणि भातवाढी आडवी धरून भात कापत जायचा. घोळायचा नाही, घोळला की शितं मोडतात. आणि त्याच वेळी दुसऱ्याने शेजारी उभं राहून वारा घालायचा. जास्तीचं पाणी मी पिऊन टाकायची. वारा घालायला मास्तरांची बायको असायची. पंख्याच्या तालावर ती गुणगुणायची :

वारा घालते भाताला, बाई, हळूच हळूच,
वाफ जाऊ दे माहेरा, चव राहू दे इथंच.

त्यांना एक मुलगी झाली. तीन वर्षांची असताना एकदा ती माझ्यात मांडी घालून बसली, भातवाढी हातात घेतली आणि “मी भात आहे, मला वारा घाला,” असा हुकूम सोडला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. तिची आई मात्र हसत हसत खरंच वारा घालू लागली. त्या दिवशी मला तीनदा कढत पाण्याने धुतलं. पण त्या पोरीची ऊब माझ्या तळाला कुठेतरी राहिली ती राहिलीच.

पोर शाळेत असतानाच तिची आई गेली. त्यानंतर पंखा पोरीने हातात घेतला. काही वर्षांनी भातवाढीही घेतली. गाणं मात्र तिने मोठ्याने कधी म्हटलं नाही. ओठ हलायचे फक्त.

आता ऐका. चार वर्षांपूर्वी मास्तरांना मोठा ताप आला. पंधरा दिवस दुकान बंद. बरे होऊन आले त्या सकाळी त्यांनी नेहमीसारखं मला पुसलं, माझ्यात डोकं घातलं, श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा इतका जोरात घेतला की माझ्या तळाला गार वारा लागला. मग त्यांनी डोकं वर काढलं, आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. भरलेली समजून विहिरीत बादली सोडावी आणि ती कोरड्या दगडावर आपटावी, तसा.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

ठीक नव्हतं. त्यांचं नाक गेलं होतं. जिभेला खारट, आंबट, गोड एवढं कळायचं. बाकी सगळं पांढरं. माशाचा ताजेपणा ते डोळ्याने आणि बोटाने ओळखत. त्यात त्यांची बरोबरी करणारा कुणी नव्हता. पण व्हिनेगर भातात कितपत मुरलं, भाताचा वास फुलला की नाही, हे नाकाशिवाय कसं कळावं? त्याच दिवशी त्यांनी व्हिनेगरची बरणीही मुलीच्या हातात दिली. “मनगट दुखतंय. आजपासून मिश्रणही तूच कर.”

मुलीला काय कळणार? तिला वाटलं, बाबांनी आपल्यावर विश्वास टाकला. ती जीव ओतून भात करायची आणि चिमूटभर त्यांच्यासमोर धरायची. “बाबा, बघा.”

ते खायचे, डोळे मिटायचे. “ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी, “बाबा, आज मीठ किंचित कमी केलंय. कळतंय?”

“ठीक आहे.”

तीन वर्षं, मित्रांनो. रोज सकाळी एक ‘ठीक आहे’. चांगला म्हणून नाही, वाईट म्हणून नाही. पाहुणे मास्तरांचं कौतुक करायचे आणि मास्तर मान झुकवायचे. मुलगी शेजारी उभी असायची, ओले हात पुसत.

मग एकदा पावसाळी हवेत मी नीट वाळले नाही. सकाळी मास्तरांनी माझ्यात डोकं घातलं आणि म्हणाले, “ठीक आहे.” मुलगी मला उचलायला आली आणि तिने नाक मुरडलं. “अहो बाबा, कुबट येतंय की!”

“हो, तेच म्हणतोय मी,” मास्तर गडबडीने म्हणाले. “धू पुन्हा.”

ती धुवायला गेली. ते मात्र माझ्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. आठवडाभरात दुकानात काचेचं कपाट आलं. ओट्याच्या मागे, सगळ्यांना दिसेल असं. आत दिवा बसवलेला. “हिने पुष्कळ केलं,” मास्तर म्हणाले. “आता हिला मानाने बसू दे. जपायला हवं.” माझ्यात त्यांनी काहीतरी टाकलं, दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. आणि त्या दिवसापासून वास घ्यायची ती सकाळची रीतच बंद पडली.

मला मान दिला म्हणे! लोक खुर्चीवर बसून माझ्याकडे बोट दाखवायचे, फोटो काढायचे. “किती जुनी असेल हो!” “किती सुंदर!” माझ्या डोक्यावर दिवा भाजत होता, माझ्या फळ्या आक्रसत होत्या, अठरा बहिणींचे हात सुटत चालले होते, आणि बाहेर सगळे म्हणत होते, किती छान जपलंय! अडगळीत टाकलेल्या वस्तूला निदान ओल तरी मिळते. मला ‘जपलं’ होतं.

माझ्या जागी प्लास्टिकचा टब आला. पांढरा, गुळगुळीत, दहा मिनिटांत धुऊन होणारा. मी त्याला शिव्या देणार नाही. त्याने काही वाकडं केलं नव्हतं. पण तो पाणी पीत नाही. वाफ त्याच्या तळाशी जमायची आणि खालचा भात गिचका व्हायचा. मुलगी त्या टबाशी रोज झुंजायची. तांदूळ कमी पाण्यात शिजवून पाहिला, वारा जास्त घातला, खालचा थर काढून टाकला. वर्षभर काचेआडून मी ती झुंज पाहिली. ती हरत नव्हती, आणि जिंकतही नव्हती.

रोज सकाळी मासे घेऊन एक मावशी यायच्या. टोपली दाराशी टेकवायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, “मास्तर! या, तुमचे जावई आलेत, चकाकतायत बघा!” मास्तर मासे निवडत असताना त्या आणि मुलगी बोलत बसायच्या. एका सकाळी मुलगी हळू आवाजात म्हणाली, “मावशी, दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. मोठं दुकान आहे. भाताची सगळी जबाबदारी माझी.”

“आणि बाप?”

“त्यांना काय फरक पडतो? चार वर्षांत ‘ठीक आहे’च्या पुढे गाडी गेली नाही. मी वाईट करते म्हणावं, शिकेन. चांगला म्हणावं, राहीन. एकदा म्हणावं, मावशी. एकदाच! नाही म्हणाले तर महिनाअखेर मी निघाले.”

“तोंडावर सांगितलंस त्यांना?”

“सांगितलं. काय म्हणाले असतील?”

मावशींनी बर्फाचा खडा तोंडात टाकला. “‘ठीक आहे.’”

दोघी हसल्या. पण पोरीचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मला राग आला. असा राग लाकडाला सहसा येत नाही. ज्या पोरीने माझ्यात बसून हुकूम सोडला होता, ती एका शब्दावाचून घर सोडून चालली होती आणि मी दिव्याखाली शोभा देत बसले होते! मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्याजवळ होता तो माझा कोरडेपणा. तोच मी वापरला. दुपारी दुकान रिकामं असताना मी अंग आणखी चोरलं, आणि माझी खालची तांब्याची पट्टी सुटली. ठण्ण!

मुलगी धावत आली. मास्तर वरच्या घरात झोपले होते. त्यांचा डगला खुंटीवर होता. तिने खिशातून किल्ली काढली आणि वर्षभरात पहिल्यांदा कपाटाचं दार उघडलं.

पुढच्याच क्षणी ती दोन पावलं मागे गेली आणि नाकावर पदर धरावा तसा तिने एप्रन धरला. माझ्यात डांबरगोळ्या होत्या. मूठभर! किड्यामुंग्या लागू नयेत म्हणून मास्तरांनी टाकलेल्या. काचेच्या बंद कपाटात, गरम दिव्याखाली, वर्षभर. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, वासाने. भाताच्या भांड्यात डांबरगोळ्या कोण टाकतं? कपड्यांच्या पेटीत टाकतात. जो आचारी बाजारात दहा पावलांवरून शिळी कोळंबी ओळखायचा, त्याने?

तिने गोळ्या काढून फेकल्या. मला ओट्यावर ठेवलं आणि विचारात पडली. माझ्या अंगाचा तो वास अजून इतका झोंबत होता की बाहेरून आत येणाऱ्यानेही शिंकावं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मास्तर खाली आले, मला बाहेर बघून थबकले.

मुलीने मला दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. “पट्टी सुटली. मी हिला पुन्हा कामाला लावतेय. आधी वास घ्या बाबा.”

मास्तरांनी माझ्यात डोकं घातलं. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. शांतपणे, पूर्वीसारखाच.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

माझ्या काठावर तिची बोटं गार पडली. मास्तर वळले आणि माशांना मीठ लावायला गेले. ती मला छातीशी धरून उभी राहिली आणि तिचं सगळं आयुष्य, म्हणजे गेली चार वर्षं, तिच्या डोळ्यांसमोरून उलट्या पावलांनी चालत गेली असणार. मनगट दुखतंय. तूच कर. ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे.

दुसऱ्या सकाळी तिने मावशींना सगळं सांगितलं. मावशींचा चेहरा पडला. “मग आता राहशील ना गं पोरी?”

“नाही.”

“अगं, पण कळलं ना तुला!”

“मला कळलं. त्यांनी सांगितलं नाही.” तिने मान ताठ केली. “चार वर्षं मी स्वतःला दोष देत राहिले, मावशी. रोज वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. हे त्यांच्या तोंडून यायला हवं. मी त्यांना पकडणार नाही, नि आडून सुचवणारही नाही. महिनाअखेरपर्यंत थांबते.”

बापासारखीच निघाली पोर. माझ्याच लाकडाची.

पण मला तिने सोडलं नाही. रोज कढत पाणी, रोज सावलीत वारा. तांदळाचा कोंडा चोळला, व्हिनेगरच्या पाण्याने घासलं. तरी वास हटेना, तेव्हा तिने धारदार पातं घेऊन आतून माझा पातळ थर खरवडून काढला. सोलून काढलं म्हणा ना. लागलं का? लागलं. पण मी म्हटलं, सोल बाई. शोभेच्या कातडीपेक्षा कामाची हाडं बरी. पट्ट्या पुन्हा ठोकल्या. पहिल्या दिवशी मी चाळणीसारखी गळले. म्हातारा सुतार असता तर मी तोंड दाखवू शकले नसते. चौथ्या दिवशी फळ्या फुगल्या. आठव्या दिवशी तिने माझ्याखाली कागद पसरला आणि संध्याकाळी उचलून पाहिला. कोरडा!

आता महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळबद्दल सांगते. वर मुलीची पेटी बांधून तयार होती. सकाळची गाडी होती. मास्तरांनी ती पेटी जिन्यात पाहिली होती आणि तिला वळसा घालून ते खाली आले होते.

त्या संध्याकाळी एक जोडपं आलं. नवरा निवृत्त पोस्टमन. बायको जन्मभर घर सांभाळलेली, आणि तेवढ्याने न भागून शाळेतल्या मुलांचा स्वयंपाकही केलेली. दोघं पहिल्यांदाच घराबाहेर इतक्या लांब फिरायला निघाली होती. पोस्टमन खुर्चीवर बसले आणि इकडेतिकडे बघू लागले.

“यादी कुठाय?”

“यादी नसते हो,” बायको म्हणाली. “पाटी वाचा. आचाऱ्याची मर्जी.”

“म्हणजे काय येणार ते माहीत नाही? अगं, चाळीस वर्षं मी पत्ता बघितल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. हे तर बिनपत्त्याचं जेवण झालं!”

“एकदा तरी बिनपत्त्याचं जगून बघा.”

मास्तर गालात हसले. पहिला घास ठेवला : माकूळ नावाच्या समुद्री जिवाची पांढरी, जवळजवळ पारदर्शक पट्टी, वर मिठाचे चार कण. पोस्टमननी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. “कच्चं आहे?”

“माझी करपलेली आमटी निमूट खाता ना? मग हे खा.”

त्यांनी तोंडात टाकला. चावले. थांबले. बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओट्याच्या आणखी जवळ ओढली.

मग घासामागून घास आले. कोळंबी, कोमट, गोडसर. व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा, त्यावर आल्याचा ठिपका. लालभडक ट्यूना, आणि मागोमाग त्याच माशाच्या पोटाची गुलाबी, चरबीदार चकती, ती जिभेवर ठेवली तेव्हा पोस्टमन म्हणाले, “अगं, हे गेलं कुठे? आत्ता तर होतं!” वसाबीची हिरवी, झणझणीत चटणी नाकात चढली तेव्हा त्यांनी ओट्यावर मूठ आपटली, डोळे पुसले आणि म्हणाले, “पुन्हा द्या.” शेजारच्या खुर्च्यांवरचे लोकही हसू लागले. मास्तरांचे हात नाचत होते. मुलगी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून माझ्यातून भात काढून देत होती, अंगाच्या उबेइतकाच कोमट. बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते, पण हात एकमेकांना चुकत नव्हते.

बायको मात्र प्रत्येक घास सावकाश चावत होती. सातव्या घासाला तिने विचित्रच केलं. वरची चकती बाजूला काढून ठेवली आणि नुसता भात तोंडात टाकला. डोळे मिटले.

इथे मी क्षणभर थांबते, कारण या गोष्टीचा शेवट माझ्या तोंडी नाही. माझं जे सांगायचं ते आत्ताच सांगून घेते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात : आम्हाला जपा. मी विनवत नाही, बजावते. मला जपू नका, मला वापरा! भिजवा, कढत पाणी ओता, खरवडा, रोज कामाला जुंपा. काचेआड ठेवून माझ्यावर दिवा सोडू नका. वस्तूला लागू आहे तेच माणसाला. मनातला शब्द जपून ठेवला की तो कोरडा पडतो, आक्रसतो, आणि मग एकमेकांना धरून असलेल्या माणसांचे हात सुटतात. तो शब्द ओला असतानाच देऊन टाका. बस्स. आता ओट्याकडे चला.

पोस्टमनच्या बायकोने डोळे उघडले. “मासा तर सुंदरच आहे,” ती म्हणाली. “पण मी तीनशे पोरांचा भात रोज शिजवलाय, भाताचं मला कळतं. ही शितं एकमेकांना धरून आहेत आणि तरी एकही दुसऱ्याला चिकटलेलं नाही. घरातली माणसं अशी असावीत! मास्तर, हा भात कुणाच्या हातचा?”

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. लोक ‘वा मास्तर’ म्हणायचे आणि मास्तर मान झुकवायचे. आजही त्यांची मान सवयीने हलली. अर्ध्यावर आली. आणि तिथेच थांबली.

मुलीने वर पाहिलं नाही. तिची भातवाढी माझ्या काठाला टेकलेली होती.

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. मग म्हणाले, “माझ्या मुलीच्या.”

“वा! मग रोज चाखून बघत असाल तुम्ही.”

“बघतो. पण मला कळत नाही.” त्यांचा आवाज खाली गेला, पण त्यांनी तो पुन्हा वर आणला, सगळ्या आठ खुर्च्यांना ऐकू जाईल इतका. “चार वर्षांपूर्वी ताप आला, त्यात माझं नाक गेलं. कशाचाच वास येत नाही. आचाऱ्याचं नाक गेलं हे कळलं तर इथे कोण येईल, म्हणून मी गप्प राहिलो. हिलाही सांगितलं नाही. ती रोज विचारायची, कसा झालाय? मला ठाऊकच नसायचं. खोटं ‘चांगला’ म्हणायला जीभ रेटायची नाही, आणि खरं सांगायला छाती व्हायची नाही. म्हणून ‘ठीक आहे’.”

पोस्टमन हातातला घास तसाच धरून बसले होते.

“मग चांगला झाला की नाही, हे तुम्हाला कळायचं कसं?” बायकोने हळूच विचारलं.

“आत्ता तुम्ही डोळे मिटलेत ना, तसं. लोक तोंडात घास टाकतात आणि मी त्यांचे चेहरे बघतो. चार वर्षं माझ्या लेकीचा भात मी असा दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर खातोय.”

मग ते तिच्याकडे वळले. माझ्या काठावरचा तिचा ओला हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

“चांगला झालाय, पोरी. रोजच चांगला होत होता.”